“किती वेळ आहे?” : पुण्यातल्या रेल्वेवेड्यांना एक खुलं पत्र

पुण्यातल्या आणि पुण्याच्या आजूबाजूच्या तमाम रेल्वेवेड्यांस,

मित्रहो,

फाटकापाशी गळ्यात कॅमेरा अडकवून उभं राहिलं की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतंच, “किती वेळ आहे?” कधी ॲक्टिव्हावरचे काका असतात, कधी क्लासला उशीर झालेली मुलगी, कधी भाजीचा टेम्पोवाला. बाकी सगळे वैतागलेले असताना हा एकटाच खुशीत उभा आहे, म्हणजे याला टाइमटेबल पाठ असणार, असं त्यांना वाटतं. त्यात चूक काही नाही. आपल्यातल्या निम्म्यांना ते पाठ असतंच, आणि उरलेले नुसत्या हॉर्नवरून इंजिन कुठल्या जातीचं यावर पैज लावतात.

हे पत्र त्या एका प्रश्नाला आपण काय उत्तर देतो याबद्दल आहे.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. फाटक कुठलं ते लिहीत नाही, कारण चूक फाटकाची नव्हती. सकाळचे पावणेसात, धुकं, आणि मी एका एक्स्प्रेसची वाट बघत उभा. त्या दिवशी तिला वेगळंच, ऑफलिंक इंजिन लागल्याची खबर होती, म्हणजे आपल्या भाषेत सोन्याचा दिवस. फाटक पडलेलं. एक गृहस्थ स्कूटरवर, पुढे पाय ठेवायच्या जागेत सहा-सात वर्षांचा मुलगा, शाळेचा गणवेश, गळ्यात निळी पाण्याची बाटली. त्यांनी विचारलं, “अजून वेळ आहे का हो?” मी मोबाईल बघितला. ॲपवर गाडी मागच्या स्टेशनातून सुटलीही नव्हती. अगदी जाणकाराच्या थाटात म्हणालो, “दहा मिनिटं तरी आहेत आरामात.”

त्यांनी मुलाला उतरवलं, स्कूटर तिरकी केली आणि दांड्याखालून काढली. मुलगा वाकून पुढे. दोघं पहिल्या रुळांच्या मधोमध असताना फाटकावरचा गेटमन जिवाच्या आकांतानं ओरडला आणि पाठोपाठ हॉर्न. एकटं इंजिन, मागे एकही डबा नाही, धुक्यातून थेट समोर. विजेचं इंजिन रिकामं धावत असलं की आवाज असा काही नसतोच. गृहस्थांनी एका हातानं मुलाला खेचलं, दुसऱ्या हातानं स्कूटर लोटली आणि ते पलीकडच्या दांड्यापाशी आडवे झाले. इंजिन गेलं. मुलाची बाटली रुळांच्या मध्ये खडीवर पडली होती, तिला काही झालं नव्हतं.

फाटक उघडलं तोवर ते निघून गेले होते. गेटमननं बाटली उचलून कुंपणाच्या जाळीला अडकवली. होळीपर्यंत ती तिथंच लटकत होती म्हणे. मी त्या फाटकावर जायचं बंद केलं, एवढंच माझ्याच्यानं झालं तेव्हा.

मी खोटं बोललो नव्हतो. ॲपवर जे होतं तेच सांगितलं. पण त्या ॲपला प्रवासी गाडीपलीकडचं जग माहीत नसतं, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. मालगाडी त्यात नसते. शेडकडून स्टेशनाकडे निघालेलं एकटं इंजिन नसतं. तारा तपासणारी टॉवर वॅगन नसते, खडी दाबणारं टॅम्पिंग मशीन नसतं, खडीची गाडी नसते. आपण हेच सगळं बघायला तासन् तास उन्हात उभे राहतो, आणि नेमकं तेच ॲपवर नसतं म्हणून आपल्याला त्याची मजा वाटते. मग तेच ॲप बघून आपण दुसऱ्याला “वेळ आहे” कसं सांगतो?

म्हणून पहिली विनंती. फाटकाशी उभं असताना गाडी “आहे” एवढंच सांगायचं. “नाही” हा शब्द आपल्या तोंडून कधीही यायला नको. “दहा मिनिटं आहेत” म्हणजेही “नाही”च. गाडी नाही हे सांगायचा अधिकार फक्त उघडलेल्या फाटकाला आहे.

आता याच्या पुढचं. आपल्याला ठाऊक असलेल्या बऱ्याच गोष्टी फाटकावर अडकलेल्या माणसाला कुणी कधी सांगितलेल्याच नसतात. सगळ्यात मोठा गैरसमज असा, की गाडी दिसत नाही तरी फाटक बंद आहे म्हणजे गेटमन झोपा काढतोय. माझे मामा दौंडला रेल्वेत होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की ते काडेपेटीतल्या काड्या पाटावर मांडून सिग्नल समजवायचे. ते सांगायचे, “अरे, फाटक गाडीसाठी बंद करत नाहीत, सिग्नलसाठी करतात.” इंटरलॉकिंग असलेल्या फाटकात दांडे पूर्ण खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. आणि सिग्नल हिरवा व्हायला हवा तो गाडी फाटकापाशी आल्यावर नव्हे, तर खूप आधी. लोको पायलटला साधारण किलोमीटरभर आधी लागणाऱ्या डिस्टंट सिग्नलवर पुढची खबर मिळते. तो पिवळा दिसला तर ब्रेक लावायला सुरुवात करावी लागते. म्हणजे गाडी नजरेच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडे असताना फाटकाला कुलूप लागलेलं हवं. स्टेशन मास्तरचा फोन येतो, दांडे खाली येतात, कुलूप लागतं, मग तिकडे सिग्नल हिरवा होतो. मामांच्या काड्या संपल्या की मामी ओरडायची, गॅस कशानं पेटवू म्हणून.

आता यात शेवटच्या क्षणी घुसणारी स्कूटर घाला. दांडा खाली येतोय, एक घुसला, त्याच्या मागून दुसरा घुसला, आता दांडा कुणाच्या डोक्यावर टेकवायचा? दांडा अर्धवट, कुलूप नाही, सिग्नल लाल. गाडी फाटकाच्या सिग्नलपाशी उभी. ज्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीत काळा ‘जी’ असतो, तो फाटकाचा. तिथं लाल मिळाला तर लोको पायलटनं हॉर्न द्यायचा, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि तरीही लालच राहिला तर फाटकापर्यंत दबकत यायचं. थांबलेली मालगाडी पुन्हा उचलायला किती वेळ लागतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्या दोन स्कूटरींनी आपले तीन मिनिटं वाचवले त्यांनी मागच्या दोनशे जणांचे दहा मिनिटं घालवले. पुणेकराला जिवाची भीती घालून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. पण त्याचा वेळ शेजारच्या माणसानं खाल्ला हे त्याला पटवून दिलं, की तो स्वतःच बाकीच्यांना दम द्यायला लागतो.

घोरपडीच्या फाटकानं या शहराचे किती तास खाल्ले याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. ससाणेनगरला राहणाऱ्याला विचारा, तो तुम्हाला घरून निघायची वेळ फाटकाच्या हिशोबानं सांगेल. उड्डाणपूल, भुयारी मार्ग होतील तेव्हा होतील. पण पूल झाल्यावरही चालणारा माणूस वळसा घालत नाही, जुन्या वाटेनंच रूळ ओलांडतो, हेही आपण बघतोच आहोत.

दुसरी गाडी. माझ्या मते फाटकावरचं सगळ्यात मोठं संकट हेच, आणि त्यावर आपण सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकतो. दुहेरी मार्गावर एक गाडी धडधडत गेली, शेवटच्या डब्याचं फुलीचं चिन्ह दिसलं, की लोक सुटतात. फाटक अजून खालीच आहे, ते का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. पडलाच तर उत्तर तयार असतं, गेटमन आळशी. खरं कारण समोरून येणारी दुसरी गाडी असते. पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडून जातो, आणि पहिलीचे शेवटचे डबे दुसरीला झाकून टाकतात. पूर्वी एकेरी असलेल्या मार्गाशेजारी ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या हाडीमाशी “एक गेली की रस्ता मोकळा” हेच भिनलेलं आहे. मार्ग दुहेरी झाला, सवय एकेरीच राहिली.

त्यातून आवाजाची गोष्ट. आपण अल्कोच्या, म्हणजे जुन्या डिझेल इंजिनांच्या, आठवणी काढून हळहळतो. पुणे शेडची ती इंजिनं, तो काळा धूर, तो ठोके दिल्यासारखा आवाज, सगळं खरं. माझ्याही फोनची रिंगटोन तीच आहे. पण रुळांशेजारच्या वस्तीतली माणसं त्या आवाजाच्या भरवशावर रूळ ओलांडायची. पाठमोऱ्या आजीलासुद्धा दोन मिनिटं आधी कळायचं. मिरज मार्गावर तारा आल्या, विजेची इंजिनं धावू लागली, डबे बदलले, गाडी सरसरत येते आणि सरसरत जाते. कान गाडीच्या मागे पडले. त्यात भर म्हणून कानात इअरफोन. उत्तर प्रदेशात कुशीनगरला २६ एप्रिल २०१८ रोजी शाळेच्या गाडीवर रेल्वे आदळून १३ मुलं गेली, तेव्हा ड्रायव्हरच्या कानात इअरफोन असल्याचं समोर आलं होतं. ते बिनपहाऱ्याचं फाटक होतं. ब्रॉडगेजवरची तशी सगळी फाटकं जानेवारी २०१९ अखेर बंद झाली. पण ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला शाळेची व्हॅन सापडली आणि तीन विद्यार्थी गेले, ते फाटक पहाऱ्याचं होतं. तिथं फाटकाची आणि सिग्नलची सांगड नव्हती, सगळा भरवसा फोनवरच्या बोलण्यावर. त्यानंतर रेल्वेनं इंटरलॉकिंगची अट कडक केली, फाटकांवर कॅमेरे बसवायचं ठरवलं. ही कामं रेल्वेची. इअरफोन काढायला लावणं हे कुणाचं काम, यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

आणखी एक गोष्ट, जी कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला लवकर कळते. रुळांच्या रेषेत उभं राहून येणारी गाडी बघितली तर ती पुढे सरकताना दिसत नाही, नुसती हळूहळू मोठी होते. शेवटच्या काही सेकंदांत एकदम अंगावर येते. लिबोविट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली याच विषयावर लिहिलं होतं, की मोठी वस्तू आपल्या डोळ्यांना आहे त्यापेक्षा हळू चाललेली वाटते. विमानतळावर मोठं विमान छोट्यापेक्षा आळसावून उतरल्यासारखं दिसतं, तसं. ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. रुळांशेजारी ती पिवळी पाटी बघितलीच असेल, काळ्या अक्षरांत ‘सी/फा’, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी द्या. ती साधारण ६०० मीटरवर असते. तिथून फाटकापर्यंत यायला त्या गाडीला २१-२२ सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बघितलं. स्कूटर तिरकी करून दोन दांड्यांखालून काढणाऱ्याला, मध्ये कुठं अडकला नाही तर, बारा-पंधरा सेकंद लागतात. अडकला तर किती, ते मोजायला मी थांबलो नाही.

आता आपल्या घरातला कचरा.

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजूच्या एका फाटकावरच्या गेटवुमन ताईंशी बोलणं झालं. ड्यूटी संपवून घरी निघाल्या होत्या, तेव्हा. (केबिनमध्ये शिरून किंवा ड्यूटीवर असताना गप्पा मारायच्या नाहीत, हे सांगायची वेळ येऊ नये. त्यांच्या कानाला फोन ऐकू यायला हवा.) त्या म्हणाल्या, “तुम्ही लोक कॅमेरे घेऊन दांड्याच्या आत उभे राहता. मग मी बाकीच्यांना कोणत्या तोंडानं बाहेर काढू? म्हणतात, त्यांना आधी काढा.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा. लो अँगल मिळावा म्हणून खडीवर बसणारे आपण. लोको पायलटनं लांब हॉर्न द्यावा म्हणून रुळाशेजारी हात हलवणारे आपण, आणि तो बिचारा हॉर्न देतो तो आपल्या हौसेसाठी की घाबरून, हे त्यालाच माहीत. फुल स्पीडनं जाणाऱ्या गाडीपासून तीन फुटांवरून काढलेली रील टाकणारे आपण, आणि तिच्याखाली “भावा, काय ॲक्शन!” लिहिणारेही आपणच. ती रील बघून पंधरा वर्षांचा पोरगा फाटकावर येतो, त्याला सिग्नलही कळत नसतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात “मी रेल्वेवर प्रेम करतो” अशी सूट कुठंही दिलेली नाही. बंद फाटक उघडणाऱ्याला कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रुळांवर प्री-वेडिंगचे फोटो काढणाऱ्यांना आपण हसतो. त्या नवरीचा लेहंगा आणि आपला ट्रायपॉड कायद्याला सारखेच दिसतात.

मी स्वतः हे सगळं केलेलं आहे. कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात लहानपणी काचेला नाक लावून बघताना जे वेड लागलं, ते फाटकापर्यंत आलं, आणि फाटकाच्या आत कधी गेलं ते कळलं नाही. माझ्या जुन्या व्हिडिओंतले चौदा मी मागच्या महिन्यात काढून टाकले. त्यातल्या एकाला सगळ्यात जास्त लोकांनी बघितलं होतं. काढताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे आपल्याच डोक्यातून आलेलं खूळ आहे असंही नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९७२ साली ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ नावानं फाटकावरच्या सुरक्षेची मोहीम सुरू झाली. आज ती देशभर पसरलेली आहे आणि बऱ्याच अंशी स्वयंसेवकांवर चालते. ते शाळांत जातात, ड्रायव्हिंग शिकणाऱ्यांशी बोलतात, ट्रक आणि स्कूलबसच्या चालकांशी बोलतात. रुळांवर फोटो काढायला जाऊ नका हेही तेच सांगतात. तिथल्या एका मोठ्या रेल्वे कंपनीनं, बीएनएसएफनं, २००६ साली रेल्वेवेड्यांनाच सामील करून घेतलं. तुम्ही एरवीही रुळांच्या आसपास असताच, तर काही वावगं दिसलं की आम्हाला फोन करा, एवढंच म्हणणं. तिथल्या फाटकांवर निळी पाटी असते, तिच्यावर त्या फाटकाचा क्रमांक आणि फोन नंबर. मोटार रुळांत अडकली तर काय करायचं हे शोधत बसावं लागत नाही. मला त्यातली एक गोष्ट आवडली. त्यांनी या वेड्यांना हाकललं नाही, त्यांच्या रिकामपणाचा उपयोग करून घेतला. आपल्याकडे रिकामपणाची टंचाई नाही.

गेलं वर्षभर मी हे एकट्यानं करून बघतोय. शनिवार-रविवार, सकाळचे दोन तास. सुरुवात वाईट झाली. एकाला म्हणालो, “वाकून जाऊ नका.” त्यानं विचारलं, “तुम्ही रेल्वेचे का?” म्हटलं नाही. “मग?” एवढं बोलून तो वाकला आणि गेला. पुण्यात सल्ला देणाऱ्याला आधी ओळखपत्र मागतात. मग लक्षात आलं की “करू नका” म्हणायचंच नाही, बातमी द्यायची. “दुसरी आहे.” “लोणावळ्याकडून पण येतेय.” “ही गेली तरी थांबा, मागून मालगाडी आहे.” सल्ला कुणी घेत नाही, बातमी सगळे घेतात. पुढचा मागच्याला सांगतो, “दुसरी आहे म्हणे,” आणि ती रांगेच्या शेवटापर्यंत जाते. पण ही बातमी ॲपवरून द्यायची नाही. गाडी दिसली, हॉर्न ऐकला, किंवा गेटमननं हिरवा झेंडा हातात घेतला आणि तो दुसऱ्या बाजूला बघायला लागला, तरच द्यायची.

दुसरी युक्ती मुलांची. गाडीवर पुढे बसलेलं मूल दिसलं की मी त्याला विचारतो, “डबे किती आहेत मोजशील?” मालगाडी असली तर उत्तम, पन्नासावर वाघिणी, म्हणजे मालडबे, असतात, त्यात ते मूल हरवून जातं. एकदा ते मोजायला लागलं की बापाची काय बिशाद आहे गाडी पुढे काढायची. सकाळी लोणावळ्याच्या बाजूला असलात तर डेक्कन क्वीनची डायनिंग कार शोधायला सांगा. १ जून १९३० पासून धावणारी गाडी आहे, पलीकडे उभ्या असलेल्या आजोबांनाही दोन गोष्टी सांगायच्या असतात. लोक थांबतात. भीतीनं थांबत नाहीत, गाडी बघायला थांबतात. आपल्याला जे वेड आहे ते दोन मिनिटांपुरतं त्यांना लागतं. हे फक्त आपणच करू शकतो, कुठलीही पाटी करू शकत नाही.

पावसाळ्यात मळवलीला या. भाजे, लोहगडला निघालेल्यांची रविवारी झुंबड असते. रेनकोटची टोपी कानावर, छत्री डोळ्यांवर, दहा जणांच्या घोळक्यात पुढचा गेला म्हणून मागचे नऊ. तिथं एक-दोघांनी काही होत नाही, निदान सहा जण लागतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन.

या पत्राची एक प्रत पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांनाही पाठवतोय. त्यांच्याकडे मागणं फार नाही. एक, प्रत्येक फाटकाचा क्रमांक आणि अडचणीच्या वेळी फिरवायचा १३९ हा नंबर रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत दोन्ही दांड्यांपाशी लावा. दोन, “दुसरी गाडी येत आहे” अशी पेटणारी पाटी किंवा निदान दुसरीसाठी वेगळा वाजणारा भोंगा गर्दीच्या फाटकांवर बसवता येतो का ते बघा. तीन, आमच्यासारख्यांना दांड्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहायची लेखी परवानगी आणि सुरक्षा विभागाचं अर्ध्या दिवसाचं शिक्षण द्या, म्हणजे “तुम्ही रेल्वेचे का?” याला उत्तर होईल. झेंडा, शिट्टी, लाल टी-शर्ट काहीही देऊ नका. हातात झेंडा आला की आपल्यातल्या काहींच्या डोक्यात शिरेल, आणि रुळांशेजारी लाल कपडा हलवणारा हौशी माणूस हा गाडीसाठी स्वतःच एक धोका आहे.

आता तुमच्याकडे. कुणी म्हणेल, आम्ही छंद म्हणून येतो, समाजसेवा करायला नाही. बरोबर आहे. कॅमेरा खाली ठेवा असं मी म्हणत नाही. गाडी येईपर्यंतचा जो वेळ आपण एकमेकांना लोकोचे नंबर दाखवण्यात घालवतो, तेवढाच मागतोय. गाडी आली की शूट करा, माझीही हरकत नाही, फक्त दांड्याच्या रस्त्याकडच्या बाजूनं करा. फ्रेममध्ये दांडा येतो, मान्य. मला आता तो दांडा आलेला फोटोच बरा वाटतो, लाल-पांढरे पट्टे चांगले दिसतात.

जूनमध्ये आंतरराष्ट्रीय लेव्हल क्रॉसिंग जागृती दिन असतो. तोवर थांबायला नको. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी त्याच फाटकावर असेन, ज्याचं नाव वर लिहिलं नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला विचारा, मी सांगेन. ट्रायपॉड आणू नका, फाटकापाशी जागा कमी आहे आणि दुचाकीवाले त्यात अडखळतात. जास्तीची पाण्याची एक बाटली आणा. केबिनचा नळ उन्हाळ्यात आटतो आणि गेटमनची ड्यूटी दुपारपर्यंत असते. ती बाटली गाड्यांच्या मधल्या वेळात कुंपणाच्या जाळीला अडकवून ठेवायची, आत नेऊन द्यायची नाही.

तुमच्यातलाच एक